मिशीवाल्या माशांचा संसार

मासे पाळणे ही दिवाणखाना असलेल्या घरांची हौस, असा आपल्याकडे समज आहे. काचेची टाकी, तिच्यात रंगीत दिवा, बुडबुडे सोडणारी प्लॅस्टिकची पेटी आणि सोनेरी मासे, एवढे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. असल्या टाकीच्या तळाशी, सहसा कोणाचे लक्ष जाणार नाही अशा कोपऱ्यात, दोन-चार करड्या रंगाचे, मिशा असलेले मासे वाळू हुंगत फिरत असतात. दुकानदार त्यांना 'साफसफाईवाले' म्हणून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकतो. प्रस्तुत लेख या साफसफाईवाल्यांविषयी आहे. घरच्या टाकीत त्यांची वीण कशी होते, त्यासाठी आपण काय करावे लागते आणि नांदेड-लातूरसारख्या, पाणी मोजून वापरणाऱ्या मुलखात ही हौस कितपत शोभते, हे सांगण्याचा प्रयत्न येथे केला आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने प्राणिशास्त्राच्या मळ्यात का शिरावे, असे आमचे विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. त्यांना इतकेच सांगतो की, या विषयात प्राणिशास्त्राइतकाच भूगोलही आहे. आणि भूगोल आमच्या हक्काचा आहे.

मांजरासारख्या मिशा म्हणून इंग्रजीत या माशांना 'कॅटफिश' म्हणतात. जगात त्यांच्या 3000 हून अधिक जाती आहेत. अंगावर रोहू-कटल्यासारखे खवले नसतात; काहींची कातडी नुसतीच गुळगुळीत, तर काहींच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत. आपले मांगूर, शिंगी, शिवडा हे सगळे याच गोतातले. मिशा ही शोभेची वस्तू नव्हे. त्यांच्यावर चव ओळखणारी केंद्रे असतात, म्हणजे हा मासा जिभेने नव्हे तर मिशांनी चाखतो. पुराच्या गढूळ पाण्यात, जेथे डोळ्यांचा काही उपयोग नाही, तेथे मिशांच्या आधाराने तो आपले पोट भरतो. यातील कित्येकांना आणखी एक देणगी आहे. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर ते पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात. आटत चाललेल्या डबक्यात इतर मासे उलटे होऊन तरंगू लागले तरी मांगूर चिखलात जिवंत असतो, हे नदीकाठच्या कोणाही भोयाला विचारावे.

घरच्या टाकीत वीण घ्यायची तर यातले कोणते निवडावे? माझे मत स्पष्ट आहे: नवशिक्याने कोरीडोरासपासून सुरुवात करावी. हा दक्षिण अमेरिकेतला, फार तर सहा-सात सेंटिमीटर वाढणारा, गरीब स्वभावाचा मासा आहे. त्याच्या शंभराहून अधिक जातींपैकी ब्राँझ कोरीडोरास सगळीकडे मिळतो आणि बहुतेक सगळे हौशी लोक त्याच्यापासूनच शिकतात. 1858 साली थिओडोर गिल या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्रिनिदाद बेटावरच्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन प्रथम केले. आज दुकानांत येणारे मासे मात्र बहुधा पिढ्यान् पिढ्या टाकीतच जन्मलेले असतात, आणि तेच बरे. त्यांना आपले पाणी, आपले खाणे लवकर मानवते.

सामग्री फार लागत नाही. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशी टाकी पुरते. हिशेबाने तिच्यात 54 लिटर पाणी मावते, प्रत्यक्षात आपण पन्नासच्या आतच भरतो. एक लहान एअरपंप आणि त्याला जोडलेला स्पंजाचा फिल्टर. जोरात पाणी ओढणारे महागडे फिल्टर येथे उलट नुकसान करतात, कारण सुईच्या टोकाएवढी पिल्ले त्यांत ओढली जातात. तळाला बारीक वाळू हवी. दुकानातली रंगीत, टोकदार खडी घातली तर बिचाऱ्यांच्या मिशा झिजून गळतात, आणि मिशा गेल्या म्हणजे त्याची जीभच गेली. गोदावरीची बारीक वाळू चाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत आठ-दहा वेळा धुतली की काम होते. तिच्यावर लिंबाचे चार थेंब टाकून पाहावे. फेस आला तर तिच्यात चुना आहे असे समजून दुसरी शोधावी.

यानंतर जे करायचे ते बहुतेकांना जमत नाही, कारण त्यात करण्यासारखे काहीच नसते. टाकी भरून चार ते सहा आठवडे थांबायचे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. स्पंजात आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू वसायला वेळ लागतो. तोवर टाकीत दोन-तीन काटक मासे ठेवून किंवा रोज चिमूटभर खाद्य टाकून त्यांची वस्ती वाढवावी लागते. सोमवारी टाकी आणली, मंगळवारी मासे आणले आणि शनिवारी मेले, असे जे सर्रास ऐकू येते त्याचे कारण 'हवापाणी मानवले नाही' हे नसून बहुधा हेच असते.

आता पाण्याविषयी. आमच्या घरी टाकी आली तेव्हा आजीने पहिल्याच दिवशी सुनावले, "आरं, मानसाला प्यायला पानी टँकरचं, अन् तू मासोळ्याला न्हाऊ घालतूस व्हय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या पहिल्या 'जलदूत' गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणीत सुमारे 50 हजार लिटर पाणी होते. मांजरा धरणाच्या तळाला गेलेल्या पाण्याची छायाचित्रे तेव्हा देशभर छापून आली. ज्या गावाने ते दिवस पाहिले तेथे हौसेसाठी पाणी वापरणाऱ्याने आपला हिशेब चोख ठेवलाच पाहिजे.

हिशेब असा. टाकी एकदा भरली की रिकामी करायची नसते. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण बारा लिटर पाणी काढायचे आणि तेवढेच नवे घालायचे. बारा लिटर म्हणजे एक बादली. काढलेले पाणी मोरीत ओतणे हा शुद्ध अपराध आहे, कारण त्यात विरघळलेले नायट्रेट हे झाडांचे खत आहे. आमच्या अंगणातली तुळस आणि कढीपत्ता या पाण्यावर असे काही फोफावले की, आजीची तक्रार आता टाकीवरून बादलीवर आली आहे: बादली वेळेवर का भरली नाही, ही. एकूण पाहता झाडांना जे पाणी द्यायचेच होते ते वाटेत आठवडाभर माशांकडे मुक्कामाला राहते, एवढेच. टंचाई फारच वाढली तर मासे कमी ठेवावेत, खाणे निम्म्यावर आणावे आणि दोन आठवड्यांतून एकदा पाणी बदलावे. त्या काळात वीण घेण्याचा विचारही करू नये.

नळाचे पाणी थेट टाकीत घालू नये. त्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजतो आणि स्पंजातल्या जिवाणूंनाही मारतो. उघड्या बादलीत 24 तास ठेवले की तो उडून जातो. बोअरच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात बोअरचे पाणी बहुधा जड असते. पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. अशा पाण्यात कोरीडोरास जगतात, पण अंडी घालायला नाखूश असतात. त्यावर उपाय आकाशातून येतो, आणि येथून खऱ्या विषयाला हात घालतो.

आपल्याकडे मृग लागला, पहिले लोट ओढ्याला आले की मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. चढणीचे मासे धरायला सारा गाव ओढ्यावर लोटतो. ते मासे का चढतात? अंडी घालण्यासाठी. उन्हाळ्यात आटलेले, कोमट, क्षारांनी दाटलेले पाणी एकाएकी थंड होते, पातळ होते, वाढते, आणि माशाच्या शरीराला समजते की पिल्लांना पोसणारे दिवस आले. हजारो मैलांवरच्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या कोरीडोरासचेही हेच आहे. त्याचा मृग वेगळ्या महिन्यात येतो इतकेच. म्हणून घरच्या टाकीत त्याची वीण घ्यायची म्हणजे त्याला औषध देणे नव्हे, इंजेक्शन देणे नव्हे. त्याच्यासाठी आधी उन्हाळा आणि मग मृग उभा करणे, हीच त्यातली सगळी विद्या.

उन्हाळा असा उभा करावा. सहा मासे एकत्र ठेवावेत, शक्यतो एका मादीमागे दोन नर. वरून पाहिले असता मादी रुंद आणि पोटाळ दिसते, नर लहान आणि सडपातळ असतो. बाजूने पाहून हे समजणार नाही. दोन-तीन आठवडे पाणी बदलू नये, पातळी थोडी उतरू द्यावी. या काळात खाणे मात्र सकस द्यावे. बारीक चिरलेले गांडूळ, गोठवलेल्या लाल अळ्या, आणि फुकट मिळणारे उत्तम खाद्य म्हणजे डासांच्या अळ्या. पाणी साठवून ठेवणाऱ्या आपल्या गल्ल्यांतून एखाद्या उघड्या पिंपात त्या हमखास सापडतात. चहाच्या गाळणीने त्या गोळा कराव्यात, पण एकही मागे ठेवू नये आणि पिंपाला नंतर झाकण लावावे. माशांसाठी अळ्या मुद्दाम वाढवणारा महाभाग शेजाऱ्यांना डेंग्यू वाटत फिरेल. अशा खाण्याने माद्यांची पोटे भरून येतात. ती पुरेशी गोलसर दिसली की मृग आणायला हरकत नाही.

मृगासाठी निम्मे पाणी काढावे आणि चार ते पाच अंशांनी थंड असे पाणी सावकाश घालावे. येथे पावसाचे पाणी अमृतासारखे आहे: ते मृदू असते आणि थंडही. पहिल्या एक-दोन सरींनी पत्र्यावरची धूळ धुऊन गेल्यानंतरचे पाणी स्वच्छ पिंपात धरावे. निव्वळ पावसाचे पाणी मात्र घालू नये; त्यात क्षार जवळजवळ नसतातच, आणि एकदम एवढा फरक माशांना सोसत नाही. जुन्या पाण्यात निम्मे मिसळले की पुरे. एअरपंप थोडा जोरात चालवावा म्हणजे पाणी खळाळते. पहिल्या दिवशी काही झाले नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा असेच करावे. अनुभवी हौशी मंडळी सांगतात की, बाहेर आभाळ भरून हवेचा दाब उतरलेला असेल त्या दिवशी यश लवकर येते. आपल्याकडे जुलै-ऑगस्ट हा यासाठी सर्वांत सोयीचा काळ, त्यानंतर हिवाळा. एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी तीस अंशांच्या वर जाते. त्या दिवसांत मासे नुसते जगवले तरी पुष्कळ झाले. टाकीवर ओले फडके टाकावे, झाकण उघडे ठेवून जाळी बसवावी, दिवा बंद ठेवावा.

पुढे जे घडते ते पाहण्यासाठी पहाटे उठावे लागते, कारण बहुधा सकाळीच त्यांची धावपळ सुरू होते. नर मादीच्या मागे काचेला घासत फिरतात. मग एक नर मादीपुढे आडवा होतो आणि मादी आपले तोंड त्याच्या पोटाशी लावते. वरून पाहिले तर दोघांची आकृती इंग्रजी 'टी' अक्षरासारखी दिसते. पुष्कळ वर्षे याचा अर्थ कोणाला नीट लागत नव्हता. 1995 साली मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकारी जपानी संशोधकांनी असे दाखवले की, मादी नराचे वीर्य तोंडाने पिते. ते तिच्या आतड्यातून काही सेकंदांतच, न पचता, बाहेर पडते, आणि पोटाखालच्या दोन परांची ओंजळ करून तिने जी अंडी धरलेली असतात त्यांच्यावर येते. निळा रंग मादीच्या तोंडाशी सोडून तो दुसऱ्या टोकाने केव्हा येतो, हे त्यांनी पाहिले होते. अंडी वाहत्या पाण्यात वाया न जाता फळावीत यासाठी निसर्गाने काढलेली ही तोड ऐकून प्रथम विश्वास बसत नाही. आतड्याची ही वाट इतकी मोकळी का, यालाही एक कारण सुचते: कोरीडोरास हवा गिळून श्वास घेतो तो आतड्यातूनच. एकच नळी अन्नाला, हवेला आणि वंशवाढीला! तीन भाऊ एकाच खोलीत नांदावेत तसा हा प्रकार आहे.

एका वेळी दोन-चार अंडी घेऊन मादी जागा शोधते, तोंडाने काच किंवा पान चाखून पाहते आणि अंडी चिकटवते. असे दिवसभर चालते. शंभरभर अंडी सहज होतात. आणि काम आटोपले की हेच मायबाप ती अंडी खाऊ लागतात. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण आपण मात्र जागे राहिले पाहिजे. अंडी घातल्यावर काही तासांत त्यांचे कवच घट्ट होते. तेव्हा ओल्या बोटाने हलकेच गोल फिरवून ती काचेवरून सोडवावीत आणि त्याच टाकीतले पाणी भरलेल्या एका उथळ डब्यात ठेवावीत. डब्यात हवेचे बुडबुडे मंद सोडावेत. अंड्यांचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. पांढरी पडलेली अंडी रोज वेचून काढावीत, नाहीतर ती बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. त्यावर दुकानात मिळणाऱ्या मिथिलीन ब्लूचा एखादा थेंब चालतो. पण त्याहून सोपा उपाय महाविद्यालयांच्या आवारांत पडलेला असतो. रुंद पानांचा जो देशी बदाम आपण सावलीसाठी लावतो, त्याची गळून लाल-तपकिरी झालेली पाने धुऊन पाण्यात घातली की ते चहासारखे होते. त्यातले टॅनिन बुरशीला आवरते. जगभरचे मत्स्यपालक ही पाने पैसे मोजून विकत घेतात आणि आपण ती झाडून जाळतो.

तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पहिले दोन दिवस पोटाच्या पिशवीतल्या बलकावर जगतात, तेव्हा त्यांना काहीही देऊ नये. नंतर आर्टेमियाची ताजी पिल्ले हे सर्वोत्तम खाद्य. ते महाग वाटले तर वाळलेले गवत किंवा कोबीचे पान बरणीभर पाण्यात चार-पाच दिवस कुजू द्यावे. त्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव वाढतात, त्याचे थेंब द्यावेत. उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा कण पाण्यात कालवूनही देता येतो. परंतु हात सैल सुटला की पाणी नासते आणि एका रात्रीत सारी पिल्ले जातात. रोज कपभर पाणी बदलावे. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली तर मोठे मासे वर येऊन हवा गिळतील, पण अंडी आणि कोवळी पिल्ले ते करू शकत नाहीत. त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असावा, किंवा दर थोड्या वेळाने पेल्याने पाणी उंचावरून सावकाश ओतावे.

कोरीडोरास साधल्यावर पुढची पायरी अन्सिस्ट्रसची. हा तोंडाने काचेला चिकटणारा लहान मासा. नराच्या नाकाडावर झुडपासारखे मऊ कोंब उगवतात, म्हणून ओळखायला अगदी सोपा. याला गुहा लागते. पोकळ बांबूचा तुकडा, मातीचे लहान गाडगे किंवा भोक पाडलेली करवंटी चालते. मादी गुहेत नारिंगी अंड्यांचा घोस घालून निघून जाते आणि पुढचे सगळे नर करतो. परांनी वारा घालतो, मेलेली अंडी काढतो, आठवडाभर जागचा हलत नाही. कोरीडोरासचे बाप पाहिल्यानंतर हा बाप पाहिला म्हणजे मनाला बरे वाटते. पिल्लांना उकडलेली काकडी, दोडका, पालक पुरतो.

अन्सिस्ट्रसच्याच नावाखाली दुकानांत त्याचा एक भाऊबंद विकला जातो आणि तेथे सावध राहिले पाहिजे. ठिपक्यांचा, अंगावर खडबडीत पट्टे असलेला हा 'सकर' घेताना बोटाएवढा असतो. दोन-तीन वर्षांत तो फूट-दीड फुटाचा होतो. एका परिचितांकडे असाच एक मासा वाढला. आता ठेवायचा कोठे? माशाला मारायचे पाप नको, गोदावरीत सोडले तर पुण्यच लागेल, असा त्यांचा विचार होता. विचार सद्भावनेचा, पण परिणाम भयंकर. हा मासा नदीत मरत नाही. तो काठाच्या मातीत बिळे पाडतो, इतर माशांच्या तोंडचे शेवाळ खातो, आणि त्याच्या अंगावरचे काटेरी चिलखत मच्छिमारांची जाळी फाडते. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. 2020 साली तो वाराणसीजवळ गंगेत सापडला. आपल्या उजनीच्या जलाशयात तो जाळ्यात येऊ लागल्याच्याही बातम्या आल्या. हा काही पोहत दक्षिण अमेरिकेहून आला नाही. कोणाच्या तरी दिवाणखान्यातून आला. उपर्युक्त परिचितांचा मासा अखेर ओळखीच्या एकाच्या मोठ्या सिमेंटच्या हौदात गेला.

हाच धडा मांगुराच्या बाबतीत अधिक मोठ्या प्रमाणावर मिळालेला आहे. आपला गावरान मांगूर 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील ग्रंथात नोंदवला. पुढे दीर्घकाळ त्याला जावा बेटावरच्या मांगुराशी एक मानले गेले. तो वेगळा आहे हे अलीकडे मान्य झाले आणि आज त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते. बिहारने त्याला राज्यमासा म्हणून मान दिला आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखे एक इंद्रिय असते, त्यामुळे तो हवेत श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या तळ्यात जाऊ शकतो. त्याची वीण काचेच्या टाकीत आपण होऊन होत नाही. पावसाळ्यात उथळ पाण्यात खळगा करून अंडी घालणारा हा मासा. मत्स्यबीज केंद्रात त्यासाठी संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात प्रथम कार्प माशांवर यशस्वी केलेली हीच वाट, आणि म्हणून 10 जुलै हा आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन असतो. पण मांगुराच्या नराचे वीर्य पोट दाबून निघत नाही; त्यासाठी नराला मारून वृषण काढावे लागतात. हे हौशी माणसाचे काम नव्हे, आणि करूही नये.

गावरान मांगूर दुर्मिळ झाला आणि बाजारात त्याच्या नावाने दुसराच आला. लोक त्याला 'थाई मांगूर' म्हणतात, वास्तविक तो मूळचा आफ्रिकेतला. तो मीटरभर वाढतो आणि समोर येईल ते खातो. लहान मासे, बेडूक, कुजलेले मांस, काही वर्ज्य नाही. भारत सरकारने 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो चोरून वाढवला जात राहिला. 2019 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याची गंभीर दखल घेतली आणि त्यानंतर महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागाने अशी तळी नष्ट करण्याची मोहीम घेतली. याच कुळातल्या मांगुराने अमेरिकेतही हेच केले. 1960 च्या दशकात शोभेचा मासा म्हणून त्याला थायलंडहून फ्लोरिडात नेले, तेथे तो सुटला आणि पावसाच्या रात्री रस्ते ओलांडून मत्स्यपालकांच्या तळ्यांत शिरू लागला. शेवटी त्यांना तळ्यांभोवती कुंपणे घालावी लागली. शोभेच्या माशांच्या दुकानात पांढऱ्या रंगाचा, मोठ्या तोंडाचा, आठ मिशांचा मासा कोणी देऊ लागला तर तो मांगुराचाच प्रकार असण्याचा संभव आहे. तो घेऊ नये.

कोरीडोरासची पिल्ले सहा आठवड्यांत दीड-दोन सेंटिमीटरची होतात आणि मायबापासारखे ठिपके धरू लागतात. शंभर अंड्यांतून तीस-चाळीस जगली तरी एका टाकीत ती मावत नाहीत. ती मित्रांना द्यावीत, शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावीत. दुकानदारही बहुधा खाद्याच्या बदल्यात घेतात. विहीर, ओढा, विष्णुपुरीचा जलाशय किंवा गोदावरीचा घाट यांपैकी कोठेही सोडू नयेत, मग मासा कितीही लहान आणि गरीब दिसो. ज्या घरी पिल्ले द्यायची त्या घरची टाकी चार आठवडे आधी भरलेली आहे ना, एवढे मात्र मी देण्यापूर्वी विचारून घेतो.